कोपरा फाटलेलं कार्ड आलं तर रडू नकोस

शिरूर, बुधवार, सकाळ

चिरंजीव पोपटराव यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे झुंबरआक्काचे, पोटभर आशीर्वाद. घोडनदीच्या काठाला तुझी एक बहीण राहते हे तुझ्या ध्यानात असेल असं धरून पुढं सांगते. नसेल ध्यानात, तर चष्मा शोध (आधी कपाळावर बघ, मग उशाखाली), भामाबाईला (ती तुझी बायको) हाक मार आणि तिला विचार, की यंदा भाऊबीजेला मी जिच्याकडं जायचं विसरलो ती बाई कोण? ती मी. भामाबाईची कंबर कशी आहे? शेळी व्यायली का? तुझी छाती कशी आहे हे मी एवढ्यात विचारत नाही. विचारायला भीती वाटते. ते पुढं येईल.

सगळ्यात आधी हे वाच. मी जिवंत आहे. ताप नाही, खोकला नाही, आत्ता बाजरीची दीड भाकरी खाऊन बसलेय. दुसरं असं, की या पत्राच्या आधी नाही तर मागून तुला एक कार्ड येईल. त्याचा कोपरा फाटलेला असेल. ते कार्ड खोटं. त्यावर आण्णाच्या अक्षरात जे लिहिलंय तेही खोटं. (आण्णा म्हणजे माझा नातू. त्याला त्याच्या आजोबांचं नाव ठेवलंय, ते माझ्या तोंडानं घेता येत नाही, म्हणून आण्णा. हे तुला बारशाला सांगितलं होतं.) कार्ड आधीच आलं असेल आणि तू रडत बसला असशील तर नाक पूस, भिंतीला टेकून बस, पाणी पी आणि पुढचं सावकाश वाच. दगदग करायची नाही असं तुला रेल्वेच्या डॉक्टरनं बजावलंय, ते तू विसरला असशील. मी विसरले नाही. काल संध्याकाळपासून मला दुसरं काही आठवतच नाही.

आता हे अक्षर तुला ओळखू येणार नाही. माझी पत्रं आण्णा लिहितो, पण तो पहिल्या गाडीनं पुण्याला गेलाय, टपालाच्या थैल्या जिथं उतरतात तिथल्या माणसांच्या पाया पडायला. म्हणून शेजारच्या सिद्दीक टेलरांची हमीदा लिहितेय. पोरगी यंदा मॅट्रिकला आहे, अक्षर मोत्याचं, पण मी ‘हाय’ म्हटलं की ही ‘आहे’ लिहिते. म्हटलं, अगं, माझं बोलणं असं धुऊन इस्त्री करून धाडलंस तर त्याला वाटेल मामलेदारानं लिहिलं. तर म्हणते, आजी, तुम्ही बोला, धुण्याचं मी बघते. तेव्हा माझी पंचाईत ध्यानात घे. माझ्या मरणाचा कागद तुझ्या ओळखीच्या अक्षरात आणि मी जिवंत असल्याचा कागद परक्या अक्षरात. खाली अंगठा उठवीन, पण अंगठ्याचं काय घेऊन बसलास? आपल्या थोरल्या चुलत्याचा अंगठा त्याला तिरडीवर बांधताना घेतला होता, हे साऱ्या भावकीला माहीत आहे. मग खूण कोणती? माझं बोलणं हीच खूण. म्हणून पत्र लांबलं तर कुरकुरू नकोस. मरणाचं कार्ड चार ओळीत संपतं. एवढं लांबण मेलेल्या माणसाला परवडत नाही.

हे पत्र हमीदाचा भाऊ इक्बाल घेऊन येतोय. दौंडची एस.टी. धरायला तो इथं दारात उभा आहे, एकदा माझ्याकडं बघतो, एकदा रस्त्याकडं. त्याला नीट पढवून ठेवलंय. म्हटलं, बाबा, तू दारात जाऊन ‘काळजीचं काई न्हाई, आक्का बऱ्या हायेत’ असं म्हणालास की संपलं. कारण मयताचा निरोप घेऊन येणारा प्रत्येक माणूस आजवर हेच म्हणत आलाय. ‘काई न्हाई, जरा बरं न्हाई, चला म्हणालेत.’ आपले वडील गेले तेव्हा तुला आणायला आलेला गडी, तू तेव्हा नोकरीला होतास त्या पळसदऱ्यापासून घरापर्यंत ‘बरे हायेत, बरे हायेत’ म्हणत होता. म्हणून इक्बालला सांगितलंय, की दारात चपला हळू काढायच्या नाहीत. आधी पाणी मागायचं नाही. खाली मान घालून बसायचं नाही. टोपी तिरपी ठेवायची, तोंडात काहीतरी चघळत शिरायचं आणि आल्या आल्या भामाबाईशी कशावरून तरी भांडण काढायचं. (हा सरळ पोरगा. म्हणतो, आजी, मी कशावरून भांडू? म्हटलं, ती चहात साखर कमी घालते, त्यावरून भांड. बळ येईल.)

आता मुळापासून सांगते. आणि मूळ तू आहेस.

दिवाळीच्या सुट्टीत आण्णा आणि इक्बाल दोघं पुण्याच्या कॉलेजातून आले, ते एक हातात मावणारं यंत्र घेऊन. कुणा मास्तरचं उसनं आणलेलं. किल्ली दिली की किरकिरतं आणि समोरच्या माणसाचा हलता फोटो घेतं. त्यांच्या कॉलेजात सिनेमाची चढाओढ आहे म्हणे आणि यांनी भुताचा सिनेमा काढायचं घेतलंय. पण रीळ एकच आणि ते डाळ शिजायच्या आत संपतं, म्हणून यांनी ठरवलं, की सिनेमाची नुसती सुरुवात काढायची. मी विचारलं, मग पुढं काय होतं? म्हणतात, पुढचं नाही. बघणारा सुरुवातीलाच घाबरला पाहिजे, मग मास्तर पुढच्या रिळाचं बघतील. म्हणजे पानं मांडायची, रांगोळी घालायची, उदबत्ती लावायची आणि म्हणायचं, जेवण पुढच्या वर्षी.

ही अक्कल यांना कुठं सुचली? दौंडला, तुझ्या ओसरीवर. रेल्वेत भुतं फार असतात असं कुणीतरी यांना सांगितलं, म्हणून हे दोघं माहिती काढायला तुझ्याकडं आले होते. (आठवलं का? दोन काटकुळी पोरं, तुझ्याकडं मुक्काम केला होता, तू एकाला सारखा ‘इक्राम’ म्हणत होतास.) तू त्यांना यार्डात हिंडवलंस, इंजिनाची वाफ दाखवलीस, स्वतःच्या हातानं वांग्याचं भरीत करून घातलंस, त्यात नेहमीप्रमाणं मीठ विसरलास, आणि जेवताना आपली आई सांगायची ती गोष्ट सांगितलीस. बाई शेतावर भाकरी घेऊन चाललीय, पाणंदीत चिटपाखरू नाही, आणि मागून तिच्या भावाच्या आवाजात तिच्या नावानं हाक येते. पोरांचे घास हातात राहिले. विचारलं, मग आजोबा, ती मागं वळली का? तर तू म्हणालास, ‘वळली का न्हाई ते काई आता ध्यानात न्हाई बघ. भात घ्या.’ शेवट विसरलास! तीन दिवस पोरं त्या पाणंदीत उभी होती. मग यांना वाटलं, की शेवट नसलेली गोष्टच जास्त भिववते. एवढी वर्षं दौंडला सांधेवाला म्हणून राबलास, रुळांचा सांधा बदलायचं तेवढं कधी विसरला नाहीस ही देवाची कृपा. पण गोष्टीची गाडी मध्येच सोडून दिलीस, ती घसरत घसरत माझ्या अंगावर आली.

शिरूरला आल्यावर यांनी माहिती काढायचं काम मोठ्या झोकात सुरू केलं. घरोघर जाऊन विचारायचं, तुम्हांला कशाची भीती वाटते? म्हटलं, हे विचारायला कॉलेजात जावं लागतं व्हय? साखरबाई म्हणाली, सासूची. यांनी सांगितलं, मावशी, त्या वारल्या की. तर ती म्हणते, ‘म्हणून काय झालं? भांडी आपटायची सवय कुठं जाते?’ तानुबाईला पंगत बसल्यावर पीठ संपायची भीती. सिद्दीकभाईंना ईदच्या तोंडावर मशीनचा पट्टा तुटायची. आपले सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब छाती फुगवून म्हणाले, आपण कुणाच्या बापाला भीत नाही, आणि मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाले, ‘सभेत मागच्या रांगेतनं कुणी उठून उभा राह्यला, की मी आधी दार कुठं हाय ते बघतो.’ भुताचं नाव कुणी काढेना. मग हे माझ्याकडं आले. म्हातारी म्हणजे भुतांची तलाठी, तिच्याकडं सगळ्यांचा उतारा असणार, अशी यांची समजूत. मी म्हटलं, पोरांनो, आपल्याकडची भुतं फार ओळखीची झालीत. मुंजाला नारळ दिला की तो गप. हडळीला हिरवा चुडा दिला की ती गप. शेजाऱ्यापाजाऱ्याला कोण भिणार?

तरी यांनी करून बघितलं. हमीदाला पांढरं पातळ नेसवलं, केस मोकळे सोडले आणि नदीच्या घाटावर उभं केलं. (ही लिहायची थांबलीय. लिही गं, लाजतेस काय.) तर धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, ‘अगं हमीदे, केस वाळवायला एवढ्या लांब आलीस? आन् ही चादर का गुंडाळलीस?’ एक कुत्रं येऊन तिच्या पायाशी लोळलं. किल्ली संपली.

पोरं तोंडं पाडून माझ्या ओसरीवर येऊन बसली. आणि तेवढ्यात आळीच्या तोंडाला पोस्टमन आला. मी कार्ड हातात घेतलं, चारी बाजूंनी फिरवलं आणि मग म्हटलं, ‘वाच आता.’ आण्णा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, आजी, तू आधी काय बघितलंस? म्हटलं, कोपरे. मला अक्षर येत नाही, पण कार्डाचे चार कोपरे वाचता येतात. कोपरे शाबूत असले तर आत सगळं बरंच असतं. कुणाला मूल झालं असतं, कुणाची म्हैस गेली असते. कोपरा फाटलेला असला तर वाचायचं काही राहिलेलंच नसतं. इक्बालनं बाहेर बघितलं तर समोरच्या साखरबाईनं पीठ चाळायचं थांबवलं होतं, पलीकडं सिद्दीकभाईंची मशीन थांबली होती, सगळी आळी माझ्या हाताकडं बघत होती. मी म्हटलं, ‘बरं हाय गं, म्हशीचं हाय.’ तशी चाळणी चालू झाली आणि मशीनही चालू झाली. पोरांनी एकमेकांचे हात धरले. मिळालं म्हणाले! सुरुवात मिळाली!

पोपट, त्यांना ती मिळाली हे खरं आहे. सिनेमातलं मला कळत नाही, पण ते कार्ड बघून मला जेवढी भीती वाटते तेवढी खवीस जेवायला आला तरी वाटणार नाही.

ठरलं असं. पहिल्यांदा नुसतं कार्ड दिसायचं, एक हात त्याचा कोपरा फाडतो. मग तो हात लाल पेटीकडं जातो. बस. हात सुरकुतलेला पाहिजे म्हणून माझा घेतला. (चेहरा नाही घेतला. तो भिववायला उपयोगी नाही म्हणाले. मी सुनेला विचारून बघा म्हटलं.) आदल्या दिवशी आण्णानं सहज विचारावं तसं विचारलं, आजी, तुला पाठ असलेला एखादा पत्ता सांग. मला जगात पत्ता पाठ आहे तो एकच. पोपटराव, निवृत्त सांधेवाले, पाण्याच्या टाकीमागची चाळ, दौंड. मी तो घडाघडा म्हणून दाखवला, पोरगी परीक्षेत कविता म्हणते तसा. शाबासकी घेतली आणि शेंगा फोडायला बसले. मला काय ठाऊक, की तो कार्डावर उतरलाय?

सोमवारी दुपारी पेटीपाशी गेलो. मला सांगितलं होतं, कार्ड पेटीच्या तोंडापर्यंत न्यायचं आणि तिथंच धरून ठेवायचं. यंत्र किरकिरायला लागलं. मी कोपरा फाडला. झकास फाडला, एका झटक्यात. कार्ड तोंडापर्यंत नेलं. आणि मला वाटलं, हे काय? पेटीपर्यंत आणलेलं कार्ड कुणी परत नेतं का? उंबऱ्यापर्यंत आलेल्या पाहुण्याला माघारी लावल्यासारखं दिसेल. टाकल्याशिवाय टाकल्यासारखं दिसणार कसं? मी जन्मात अर्धं काम केलेलं नाही. दिलं सोडून! आत पडल्याचा आवाज आला, आणि मी यंत्राकडं बघून म्हटलं, ‘झालं का रं फक्कड?’ आण्णा, इक्बाल, हमीदा, तिघांची तोंडं अशी झाली होती, की मला वाटलं यंत्र बिघडलं. ती तोंडं तेव्हा रिळात घेतली असती तर आणखी कशाची गरज नव्हती.

तेव्हा मला कुणी काही सांगितलं नाही. मला घरी पोचवलं, आणि मग सिद्दीकभाईंच्या कापड मोजायच्या गजाला मेण लावून तिघं पेटीच्या तोंडात खुपसत बसले. मेण दुसऱ्यांच्या कार्डांना लागलं, आपलं हाताला आलं नाही. काल संध्याकाळी हमीदाला घास जाईना तेव्हा तिनं रडत रडत सांगितलं, की आजी, त्या कार्डावर तुमचं नाव आहे. काय लिहिलंय तेही तिला पाठ होतं. ‘आमच्या प्रेमळ आजी गं. भा. झुंबरबाई यांना अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली.’ म्हणजे बघ, माझ्या मरणाचं कार्ड माझ्याच हातानं फाडून मीच पेटीत टाकलं. असं पुण्य कुणाच्या वाट्याला आलं नसेल. आण्णाला विचारलं, मेल्या, दुसरं नाव मिळालं नाही? तर मान खाली घालून म्हणतो, खोट्या नावानं अक्षर खोटं येत होतं. तुझं नाव लिहिलं तेव्हा हात कापला, मग बरोबर आलं. आणि ‘प्रेमळ’ हो! जितेपणी कधी म्हटला नाही. त्यावर मला रागवायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून नुसतं ‘अल्पशा आजाराने’ वर रागवले. म्हटलं, मी जाईन तेव्हा चांगल्या भरभक्कम आजारानं जाईन.

मी तशीच उठून पोस्टात गेले. तिथले बाबू भला माणूस. म्हणाले, ‘व्हय, आठवतंय की. पेटीत वरच व्हतं. असलं कार्ड आम्ही गठ्ठ्यात दाबत न्हाई, आजी. दुःखाचं काम, आधी शिक्का मारतो, आधी धाडतो.’ मग आवाज हलका करून विचारलं, ‘कोण व्हत्या तुमच्या?’ मी म्हटलं, मीच ती. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, टेबलावरून पुढं वाकले आणि माझे पाय सरळ आहेत का उलटे ते बघितलं.

तर पोपट, त्यांच्या भलेपणामुळं कार्ड आणखी पुढं गेलंय. शिरूरचं टपाल आधी पुण्याला जातं, मग तिथून रेल्वेनं तुझ्याकडं. आज दुपारच्या वाटपात निघेल असं म्हणाले. तार का केली नाही विचारशील. ‘मी जिवंत आहे’ अशी तार करायला निघालेच होते. पण तारवाल्याची सायकल तुझ्या चाळीत शिरलेली बघून, तो उतरायच्या आत तू खाली बसशील. बापूसाहेब म्हणाले, सोसायटीतून स्टेशनवर फोन लावू. मग तिथून कुणीतरी धावत येणार, ‘पोपटराव, शिरूरचा फोन, लवकर चला!’ म्हणजे बघ, या जगात जे जे लवकर पोचतं ते ते भिववतं. म्हणून हा साधा कागद. याचे चारी कोपरे बघ. शाबूत आहेत. इक्बालला सांगितलंय, घडीच्या आधी कोपरे दाखव.

आणखी एक सांगायचं राहिलं, साखरबाईच्या म्हशीला

थांब. हॉर्न वाजला. इक्बाल पळाला.

इक्बाल परत आला. गाडी गेली.

पोपट, माझ्या तोंडानं गाडी घालवली. तू जिवंत आहेस का नाही ते न कळता मी इथं म्हैस सांगत बसले. हमीदा म्हणते, आजी, पाणी प्या. दुसरी गाडी दुपारनंतर आहे, तोवर पोस्टमन तुझ्या दारात येऊन गेलेला असेल. मी लिहायला सांगत होते तोवर तू मला ऐकतो आहेस असं वाटत होतं. आता वाटत नाही. इक्बालला बापूसाहेबांकडं पिटाळलंय. त्यांचा कांद्याचा ट्रक दौंडच्या मालधक्क्यावर जायचा असतो. गेला नसला म्हणजे मिळवली.

तोवर खूण सांगून टाकते. हीच आधी सांगायला हवी होती. आईच्या गोष्टीचा शेवट तू विसरलास, तो मला पाठ आहे, आणि आपल्या दोघांशिवाय तो कुणाला ठाऊक नाही, ऐकलास की तुलाही आठवेल. पाणंदीत पहिली हाक आली तेव्हा ती बाई वळली नाही. दुसरी आली तेव्हाही वळली नाही. आई सांगायची, भूत दोनदा हाक मारतं. तिसऱ्यांदा मारत नाही, त्याला तेवढी माया नसते. तिसरी हाक आली तेव्हा ती वळली. मागं तिचा भाऊच होता. ती मिठाची पुरचुंडी घरी विसरली होती, ती घेऊन धापा टाकत आला होता. एवढीच गोष्ट. आपण दोघं भ्यायचो, आणि मग आई हसायची.

हमीदा, आता मी सांगते तसं लिही. धुऊ नकोस.

पोपट.

पोपट.

ए पोपट!

आक्का हाय रं. वळ मागं.

(इथं अंगठा.)

ताजा कलम. ट्रक मिळाला. बाहेर इंजिन चालू करून उभा आहे, इक्बाल कांद्यावर बसून येईल. तेव्हा भामाबाईशी भांडताना त्याच्या अंगाला वास आला तर त्याला बोलू नकोस.

दुसरा कलम. पोरांनी आधीच गुपचूप ठरवलं होतं, की कार्ड हातात घेणारा म्हातारा म्हणून तुलाच बोलवायचं. थोडं रीळ उरलंय आणि तुझा चेहरा भीती दाखवायला नामी आहे असं त्यांनी दौंडलाच हेरलं होतं. मी नाही म्हटलंय. तो चेहरा मला बघायचा नाही, खोटासुद्धा. पण ते फाटकं कार्ड त्यांना परत पाहिजे, पुढं तेच दाखवायचंय म्हणे, तेव्हा मयताचं कार्ड म्हणून रीतीप्रमाणं चुलीत घालू नकोस. आणि ते तुझं तू घेऊन ये. मी मेले असं कळलं असतं तर मिळेल त्या गाडीला लोंबकळत आला असतास. जिती आहे असं कळल्यावर येत नाहीस हा कुठला न्याय? भाऊबीज राहिलीय. ओवाळणी नको. एस.टी.ला दोनच पायऱ्या असतात, सावकाश चढ. साखरबाईच्या म्हशीचं आल्यावर सांगेन.

तिसरा कलम, हा हमीदाच्या कानात सांगितला. इक्बाल परत येऊन ‘ते बरे आहेत, काळजीचं काही नाही’ असं म्हणाला, तर माझाही विश्वास बसायचा नाही. मीच त्याला पढवलाय, आता त्याच्या चघळण्यावर, तिरप्या टोपीवर कशाचाच भरवसा राहिला नाही. म्हणून त्याच्याबरोबर डबा पाठव. चकली नको, लाडू नकोत, ते भामाबाईही करते. वांग्याचं भरीत पाठव, शेगडीवर तू स्वतः भाजलेलं, घाईत कर, आणि भामाबाईला चाखायला देऊ नकोस. मीठ मी इथं काढून ठेवलंय.